कंटिन्युइटीच्या बाई

बाई दर शनिवारी तेच कपडे घालून येत. करडा कार्डिगन, पांढरा शर्ट, निळी पँट, तपकिरी बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. पहिल्या शनिवारी मी त्याकडे लक्षही दिलं नाही. दुसऱ्या शनिवारी त्या वर्गात आल्या, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेल्या आठवड्यातली मी आणि आजची मी, यात एक फरक आहे. तो सापडेपर्यंत वर्ग सुरू होणार नाही."

आम्ही अकरा जण होतो. चाळीस मिनिटं त्यांच्याकडे टक लावून बसलो. कोणी म्हणालं केस कापलेत, कोणी म्हणालं चष्मा नवा आहे. बाई नुसती मान हलवत. अकरा अनोळखी माणसं आपल्याला नखशिखांत न्याहाळताहेत याचा त्यांना जराही संकोच नव्हता. शेवटी मी भीतभीत म्हणाले, "स्टॉपवॉचची दोरी. त्या दिवशी काळी होती. आज गडद निळी आहे."

"तू काय काम करतेस?" बाईंनी विचारलं.

"सॉफ्टवेअर टेस्टर आहे."

"म्हणजे?"

"दुसऱ्यांच्या चुका शोधते."

"मीही तीस वर्षं तेच केलं," बाई म्हणाल्या. "तुला लोक शिव्या देतात का?"

"तोंडावर नाही देत."

"मग तुझं बरं आहे."

बाईंनी उभं आयुष्य सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळण्यात घालवलं होतं. पडद्यावर दोन मिनिटांत संपणारा प्रसंग दोन दिवस तुकड्यातुकड्यानं चित्रित होतो. त्या दोन दिवसांत नायकाच्या कपातला चहा कमीजास्त होऊ नये, दुमडलेली बाही आपोआप उलगडू नये, डाव्या हातातली पिशवी उजव्या हातात जाऊ नये, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारं एक माणूस कॅमेऱ्याशेजारी बसलेलं असतं. ते माणूस म्हणजे बाई. सगळं जुळलं तर त्यांची आठवणही कोणाला येत नसे आणि एक बटण चुकलं तर खापर त्यांच्यावर फुटे. असं काम माणूस तीस वर्षं का करतो, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून होतं. ते अजून पुरतं शमलेलं नाही.

त्यांना बाई म्हणणारी मी एकटीच. बाकीचे या परदेशातल्या रीतीप्रमाणे सरळ पहिल्या नावानं हाक मारत. सत्तरीच्या शिक्षिकेला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी हाक मारायचंच टाळलं आणि मनातल्या मनात बाई म्हणू लागले. घरीही तेच तोंडात बसलं. तेव्हा सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाई आपल्यातल्याच का गं?"

"नाही हो आई, इथल्याच आहेत."

"एकट्याच असतात?"

"माहीत नाही."

"मग डबा नेत जा की त्यांना," सासूबाई म्हणाल्या. हा निष्कर्ष त्यांनी कशावरून काढला ते मी विचारलं नाही.

आमचा फिल्मचा शनिवारचा वर्ग भरे ते कम्युनिटी कॉलेज वेंटवर्थव्हिलच्या आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर होतं. कॉलेज म्हणायचं एवढंच. ती एक जुनी प्राथमिक शाळा होती, आणि तिथली हात धुवायची बेसिनं आमच्या गुडघ्यांपर्यंत यायची. शेजारच्या खोलीत कॉफी बनवायचा कोर्स चाले, त्यामुळे आमचं सगळं शिक्षण कॉफीच्या वासात झालं. आमच्या खोलीत शुक्रवारी केकवर नक्षी काढायला शिकवत. ज्या लोखंडी कपाटात केकची भांडी, त्याच कपाटात आमचा एकुलता एक कॅमेरा. नवऱ्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फिल्म स्कूल? जिथं शेजारी कॅपुचिनो शिकवतात ते?"

त्याचं चुकत नव्हतं. शहरात खरं फिल्म स्कूल होतं, तीन वर्षांचं, पूर्ण वेळाचं. तिथं प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म लागते आणि ती कशी करतात याचा मला गंध नव्हता, म्हणून मी या शनिवारच्या वर्गात आले होते. मी चौतिशीत होते. आठ वर्षं दुसऱ्यांचे बग शोधून झाले होते. नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं की अर्ज एकदाच करायचा. प्रवेश मिळाला तर नोकरी सोडायची, तो घर चालवेल. नाही मिळाला तर सिनेमाचा नाद कायमचा सोडायचा आणि पुन्हा तो विषय घरात काढायचा नाही. हे मीच ठरवलं होतं, त्यानं घातलेली अट नव्हती. त्यामुळे ते मोडायचं तर भांडणार कोणाशी?

आणि इथं बाई पाच आठवडे कॅमेऱ्याला हात लावू देईनात.

वर्गात टेरी नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर होता. सहासष्ट वर्षांचा, अंगानं भरलेला, मोकळ्या स्वभावाचा. तिसऱ्या शनिवारी त्यानं सगळ्यांच्या वतीनं तोंड उघडलं. "मी इथं कॅमेरा शिकायला आलोय, मेट."

"कॅमेरा शिकायला एक दुपार पुरते," बाई म्हणाल्या. "आत्ता दारातून आत येताना तू कोणता पाय आधी टाकलास?"

टेरी वळून दाराकडे बघू लागला.

"डावा," बाई म्हणाल्या. "आणि खुर्चीत बसायच्या आधी तिला हात लावून पाहिलास. तुझी पाठ दुखते. हे कॅमेऱ्याला दिसेल, पण तुला दिसत नसेल तर त्याचा उपयोग काय?"

टेरी पाठीला हात लावून खाली बसला. पुन्हा तक्रार म्हणून केली नाही.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पाहिलंस ते सांग. वाटलं ते नंतर." कोणी म्हणालं, तो माणूस दुःखी दिसत होता, की बाई विचारत, "दुःख कुठं दिसलं? खांद्यात की बोटांत?" स्टेशनवर अर्धा तास बसून यायचं आणि एका माणसाबद्दल वीस गोष्टी सांगायच्या, असा गृहपाठ असे. माझी वही त्या लाल पेन्सिलीनं तपासत. 'एकटी वाटली' खाली रेघ आणि समासात लिहिलेलं, 'कशावरून?' मला राग यायचा. मग मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बसायची आणि खरोखरच काहीतरी सापडायचं. एकदा बाकावरच्या एका प्रवासी बाईनं शेजारी पिशवी ठेवली होती आणि फलाटावर येणारा प्रत्येक माणूस दिसला की ती पिशवी उचलून मांडीवर घेत होती. शेजारी कोणी बसलं नाही. हे लिहिल्यावर बाईंनी लाल रेघ मारली नाही.

त्या स्वतः सिनेमा पाहतात का, हा प्रश्न मला पडे. एकदा त्या आमच्या वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर इंडियन ग्रोसरीत दिसल्या. हातात बास्केट, बास्केटमध्ये एकच लिंबू. मी विचारलं, "काही शोधताय का?"

"नाही. इथं लोक बघायला छान मिळतात," त्या म्हणाल्या आणि हळूच हनुवटीनं काउंटरकडे खूण केली. "तो निळ्या शर्टातला. डाळींच्या रॅकपाशी अंगठी बोटात होती. पैसे देताना खिशात गेली."

"का बरं?"

"ते मला काय माहीत? मी फक्त अंगठी पाहिली."

मी धीर करून विचारलं, "तुम्हाला आवडलेला एखादा सिनेमा कुठला?"

बाईंनी बास्केटमधलं लिंबू उलटं करून ठेवलं. "एक आहे. त्या दिवशी माझा चष्मा हरवला होता, त्यामुळे गोष्ट समजली."

त्या विनोद करतात की खरं बोलतात, हे मला कधीच ओळखता आलं नाही. एरवी त्यांना पडद्यावर फक्त कप दिसत.

माझ्या फिल्मची गोष्ट साधी होती. बायको गेलेला एक म्हातारा पहिल्यांदाच शेजारणीकडे जेवायला जातो. घास त्याच्या घशाखाली उतरत नाही. शेजारीण काही विचारत नाही, तोही काही बोलत नाही. हळूहळू तो जेवू लागतो आणि ताट रिकामं होतं. चार मिनिटं, संवाद नाही. म्हातारा म्हणजे टेरी. शेजारीण म्हणजे सासूबाई. ताटाचे फोटो काढायचं काम नवऱ्याकडे दिलं होतं. जेवणाच्या टेबलावरचे सात शॉट ओळीनं घ्यायचे, टेरी खरंच जेवेल, ताट आपोआप कमी होत जाईल. एवढी सोपी योजना होती, म्हणून मी खुशीत होते.

रविवारी दुपारी शूटिंग झालं. सासूबाईंना मी एकच सूचना दिली होती. "आई, कॅमेरा चालू असताना वाढायचं नाही हं."

ती त्यांनी तंतोतंत पाळली. कॅमेरा बंद झाला की त्या वाढत.

मी प्रत्येक शॉटनंतर दिव्याशी, लेन्सशी झटत होते आणि शॉट सुरू झाला की टेरीच्या चेहऱ्यावरचा फोकस सांभाळण्यात बुडून जात होते. ताटाकडे बघितलंच नाही. संध्याकाळी टेरी पोटावर हात ठेवून, कसाबसा निरोप घेऊन गेला. मग मी लॅपटॉपवर सगळं बघितलं. पहिल्या शॉटमध्ये वाटीभर भात, थोडंसं वरण, एक पोळी. सातव्यात भाताचा डोंगर, त्यावर तूप, दोन भाज्या, पापड आणि मी कधीच न सांगितलेला शिरा.

"आई!"

"अगं, पाहुणा भिडेनं खात होता," सासूबाई म्हणाल्या. "एकदाही नको म्हणाला नाही बिचारा. कॅमेरा बंद असतानाच वाढलं मी."

"आणि तू फोटो काढत होतास ना?" मी नवऱ्याकडे वळले.

"प्रत्येक वेळी काढलाय. बघ." त्यानं फोन पुढे केला. "मला वाटलं ताट भरतंय ते स्टोरीतच आहे. शेजारीण प्रेमळ आहे, असं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. टेरी दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन घेऊन तीन महिन्यांसाठी उत्तरेला निघणार होता. अर्जाची मुदत पुढच्या रविवारी संपत होती. दुसरा म्हातारा शोधायला वेळ नव्हता आणि ताट रिकामं होण्याऐवजी भरत जाणारी फिल्म कोणाला दाखवणार? एकदाच करायचा ठरवलेला अर्ज हातचा गेला होता, तोही शिऱ्यापायी.

शनिवारी वर्ग सुटल्यावर बाईंना लॅपटॉप दाखवला. त्यांनी सातही शॉट पाहिले. मग पुन्हा पाहिले. सासूबाई वाढताना कुठंच दिसत नव्हत्या, पण बाई म्हणाल्या, "ही वाढणारी कोण?"

"माझी सासू."

"सेटवर जेवणाला हात लावला म्हणून मी लोकांना बाहेर काढलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, या वेळी सातव्या शॉटपासून. "ह्या माणसाचा चेहरा बघ. ताटाकडे बघू नकोस."

सातव्या शॉटमध्ये टेरी घास उचलत होता, तोंडापर्यंत नेत होता, थांबत होता. डोळ्यांत पाणी होतं. गिळताना मान खाली जात होती. सहाव्यात तो थोडा बरा होता. चौथ्यात नीट जेवत होता. पहिल्या शॉटमध्ये टेरीला सपाटून भूक लागलेली होती, तो पोळी मोडत होता आणि वरणात बुडवून मनापासून खात होता.

मला कळायला दोन क्षण लागले. उलट्या क्रमानं लावलं की भरलेल्या ताटापुढे घास न उतरणारा माणूस हळूहळू जेवायला लागत होता, आणि ताटही आपोआप कमी होत होतं. माझ्या फिल्ममध्ये मला जे हवं होतं, ते टेरीनं जड झालेल्या पोटानं करून दाखवलं होतं.

"ताट रिकामं होत नाही पण," मी म्हणाले.

"नको होऊ दे. तो जेवतोय, एवढं पुरे." बाईंनी मग स्क्रीनवर मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "फक्त हे बघ. दुपार कलते तसं ऊन भिंतीवर वर चढत गेलंय. उलट लावलंस की ते खाली उतरणार. तुझ्या घरात दिवस मागे जाणार."

"कोणाला कळेल?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्रही लागत होतं. ते मी त्याच दिवशी मागितलं. बाईंनी सरळ नाही म्हटलं. "मी फक्त पाहिलेलं लिहिते. तुझं भविष्य मी पाहिलेलं नाही." मला फार लागलं. शेवटी ऑफिसातल्या मॅनेजरनं रविवारी घरून पत्र पाठवलं, त्यात मी वेळेवर येते आणि टीममध्ये मिसळते असं लिहिलं होतं.

फिल्म पाठवली आणि महिन्याभरानं मुलाखतीला बोलावलं. तीन जण होते, सगळे फार सौजन्यानं वागणारे. त्यांनी माझ्यासमोर फिल्म लावली. ऊन भिंतीवरून खाली उतरत गेलं. कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. संपल्यावर मधल्या गृहस्थांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याकडून तुम्ही हे दुःख कसं काढून घेतलंत? त्याच्याशी आधी काय बोललात?"

मला खोटं बोलता आलं असतं. पाठ केलेलं एक वाक्य तयारही होतं, त्यात आठवणी, मौन वगैरे शब्द होते. पण गेले कित्येक शनिवार वहीत लाल रेघा खाल्लेल्या होत्या. 'कशावरून?' असं कोणीतरी समासात लिहील, असंच वाटलं.

"त्याचं पोट भरलं होतं," मी म्हणाले.

मग सगळंच सांगितलं. सासूबाई, शिरा, उलटा क्रम. भिंतीवरचं ऊनही सांगितलं. ते त्यांनी पुन्हा लावून पाहिलं, तरी दिसेना. तिसऱ्या वेळी मी उठून बोटानं दाखवलं तेव्हा दिसलं. तिघंही खूप हसले. मीही हसले. दोन आठवड्यांनी नकाराची ईमेल आली. कारण दिलेलं नव्हतं, पण मला ते माहीत होतं. अपघात सांगणारीला दिग्दर्शन कोण शिकवणार?

नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी परत ट्राय कर ना." मी म्हणाले, ठरलंय ते ठरलंय. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शिरा या शब्दाचा उच्चार त्या घरात बरेच दिवस झाला नाही. सोमवारी ऑफिसला गेले. बग शोधले. वाईट वाटत होतं आणि आतून सगळं थांबल्यासारखं झालं होतं.

कोर्स संपला होता, तरी शनिवारी सवयीनं गेले. निरोप घ्यावा, एवढंच मनात होतं. बाई नव्या बॅचसाठी खुर्च्या लावत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच अडवलं.

"ऊन त्यांना आपणहून दिसलं?"

"नाही. मी सांगितल्यावरही दोनदा बघावं लागलं."

"आणि तू ते सांगितलंस?" बाईंचा आवाज चढला. "परीक्षा घेणाऱ्यांना? डायरेक्टरला सांगायचं असतं ते! बाहेरच्यांना नाही. तीस वर्षांत मी एकदाही सांगितलं नाही."

"मला राहवेना."

"आणि अपघात म्हणालीस. सगळ्यांचाच अपघात असतो. तो लिहून ठेवायला माणूस लागतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा करता येतो. त्याच माणसाचं काम मी केलं." त्या खुर्चीवर बसल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. "तुला डायरेक्टर व्हायचंय का?"

हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. "माहीत नाही," मी म्हणाले. "मला कॅमेऱ्याच्या जवळ बसायचंय. बघायचंय."

बाईंनी पर्समधून फोन काढला, जुना, बटणांचा, आणि माझ्यासमोरच कोणाला तरी लावला. "कंटिन्युइटीला कोणी मिळालं का तुम्हाला? नाही ना? माझ्याकडे एक आहे. अनुभव नाही. भिंतीवरचं ऊन पाहते." पलीकडचं ऐकून त्यांनी फोन ठेवला. "सोमवारी. सकाळी सहा वाजता. पेनरिथला जाहिरातीचं शूटिंग आहे. एक दिवसाचं काम. रजा मिळेल?"

"बाई, मी घरी कबूल केलंय. हा नाद सोडायचा म्हणून."

बाई हा शब्द तोंडातून मराठीतच निघून गेला. त्यांनी तो काय आहे हे विचारलं नाही.

"फिल्म स्कूलचा सोडलास की," त्या म्हणाल्या. "हे काम आहे."

घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "सहाला पोचायचं तर पाचला निघावं लागेल. मी सोडतो."

सोमवारी पेनरिथला एका रिकाम्या घरात तीस-चाळीस माणसं धावपळ करत होती. सगळ्यांना आपापली जागा माहीत होती, फक्त मलाच नव्हती. डायरेक्टरचा असिस्टंट यादी घेऊन आला. माझ्यापेक्षा लहान, दमलेला. त्यानं माझं नाव शोधलं आणि वर न बघता विचारलं, "कुठल्या फिल्म स्कूलची?"

मी त्या कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगितलं. सांगताना आवाज नको तितका खाली गेला. "शनिवारचा वर्ग," मी पुढे म्हणाले.

त्यानं मान वर केली. "म्हणजे त्यांचा?" त्यानं बाईंचं पहिलं नाव घेतलं.

"हो."

"अरे देवा," तो म्हणाला. त्यानं मागे वळून ओरडून सगळ्यांना सांगितलं की आज कोणीही काहीही जागचं हलवायचं नाही, आणि कॅमेऱ्याला लागून असलेल्या खुर्चीत जो बसला होता त्याला माझ्यासाठी उठवलं.